चढावरच्या आठ फेऱ्या

अर्धमॅरेथॉनच्या तयारीत आठवड्यातून एकदा चढावर फेऱ्या मारायच्या असे मी ठरवले होते, पण पहिल्याच खेपेला माझा अंदाज साफ चुकला. पहिली फेरी ७६ सेकंदांत झाली, चौथीला ९५ सेकंद लागले आणि सहाव्या फेरीत अर्ध्या चढावर पाय इतके जड झाले की मी चालू लागले. तीन आठवड्यांनी त्याच चढावर आठही फेऱ्या जवळपास सारख्या वेळात पूर्ण झाल्या. मधल्या काळात माझा दम काही फारसा वाढला नव्हता. बदलली होती ती धावण्याची रीत.

चढ २५० मीटर लांबीचा आहे आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण १५ मीटर उंची गाठतो, म्हणजे चढण सहा टक्क्यांची. याहून उभ्या चढावर पावलांची लय टिकवणे मला जमत नाही. सकाळी उठल्यावर पोटऱ्या आणि घोटे आखडलेले असतात, म्हणून त्या दिवशी मी आधी सपाटीवर वीस मिनिटे अगदी सावकाश धावले आणि मग वीस-वीस सेकंदांच्या चार वेगवान धावा घेतल्या. पहिल्या खेपेला हा भाग मी दहा मिनिटांत उरकला होता.

चढावर वेगाचा आकडा उपयोगाचा नसतो, कारण श्रम तेवढेच ठेवले तरी वेग उतरतोच; आणि हृदयाचे ठोके श्रमाच्या मागून वाढतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात घड्याळ कमी ठोके दाखवते आणि आपण उगाच जोर वाढवतो. माझी पहिली चूक नेमकी हीच होती. या वेळी मी घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवली, फक्त पायथ्याशी आणि माथ्यावर बटण दाबले आणि श्वासावर भरवसा ठेवला: दोन-तीन शब्द बोलता यावेत, पूर्ण वाक्य मात्र येऊ नये, एवढाच जोर. पहिली फेरी संपली तेव्हा आपण फारच हळू धावलो असे मनापासून वाटले.

तिसऱ्या फेरीत मला माझी पावले ऐकू येऊ लागली. डावे पाऊल स्वच्छ टेकत होते, उजवे मात्र दर खेपेला डांबरावर किंचित घासत होते. मी कमरेतून वाकले होते आणि त्यामुळे गुडघा पुरेसा उचलला जात नव्हता. नजर पायांवरून काढून दहा-पंधरा पावले पुढे नेली, घोट्यापासून सरळ पुढे झुकले, पावले आखूड केली आणि कोपर जोराने मागे नेऊ लागले, तेव्हा दहाएक पावलांत दोन्ही आवाज सारखे झाले.

चढावरचा सराव ही नवी गोष्ट नव्हे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या पद्धतीत त्याला स्वतंत्र टप्पाच होता, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. ते असामान्य धावपटू होते, पण चढ पायांकडून जे काम करून घेतो ते हौशी धावपटूच्या पायांकडूनही करून घेतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझ्या मते या सरावाचे खरे मर्म उतरण्यात आहे. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून शरीराला आवर घालतात, आणि नंतर एक-दोन दिवस जी ठणक राहते ती बहुतांशी याच कामामुळे. आधी मी वेळ वाचवण्यासाठी धडाधड खाली येत असे. या वेळी माथ्यावर वीस पावले चालले, मग आखूड पावलांनी रमतगमत उतरले आणि पायथ्याशी श्वास बोलण्याइतका शांत होईपर्यंत थांबले. याला दर वेळी अडीच ते तीन मिनिटे लागली.

सहाव्या फेरीत, पहिल्या खेपेला जिथे चालू लागले होते तिथे पोचताच मांड्या भरून आल्या. मी पावले आणखी आखूड केली आणि तशीच वर गेले. सातवीही तशीच पार पडली. आठव्या फेरीनंतर घड्याळ सरळ करून पाहिले: पहिली ८७ सेकंदांची, सर्वांत संथ ८९ ची आणि शेवटची ८५ ची. त्यानंतर पंधरा मिनिटे सपाटीवर हलके धावले. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखल्या नाहीत, पोटऱ्या मात्र ताठरल्या होत्या, म्हणून पुढचे दोन दिवस मी फक्त सावकाश धावले.