सांगून टाकण्याची घाई

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचा खंबाटकी घाटात दुचाकीवरून अपघात झाला, तेव्हा रुग्णालयात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘नेमकं झालं कसं?’ हाच असे. तिसऱ्या दिवशी शहाळे घेऊन आलेल्या मावशीने खुर्ची पलंगाशी ओढली आणि ती म्हणाली, ‘मनात ठेवू नकोस बाळा, सगळं सांगून टाक, म्हणजे मोकळा होशील.’ तो सांगू लागला. ट्रकचा दिवा दिसला, इथवर हकीकत आली की दर वेळी त्याचा डावा हात चादरीची कड गोळा करू लागे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तरीही मावशीला थांबवणे मला सुचले नाही.

मावशीचीच समजूत एके काळी शास्त्राचीही होती. अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये अग्निशामक आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी ‘डीब्रीफिंग’ची पद्धत मांडली. भीषण प्रसंगानंतर लवकरात लवकर एकत्र बसायचे, काय पाहिले, मनात काय आले, काय वाटले हे क्रमाने बोलायचे. पद्धत मूळची कर्मचाऱ्यांच्या गटासाठी असली, तरी पुढे ती एकेकट्या रुग्णांवरही वापरली गेली, आणि तिची खरी परीक्षा तिथेच झाली.

ब्रिटनमध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या 133 प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटाचे डीब्रीफिंग केले. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 13 महिन्यांनंतर त्या गटातील 26 टक्के जणांना आघातोत्तर तणावाचा विकार, म्हणजे पीटीएसडी, आढळला. दुसऱ्या गटात हे प्रमाण 9 टक्के होते. आकडा धक्कादायक असला तरी डीब्रीफिंग झालेल्यांच्या जखमा मुळातच अधिक गंभीर होत्या, हे विसरून चालणार नाही. मला त्याहून बोलका वाटतो तो ऑक्सफर्डचा अभ्यास. रिचर्ड मेयू, अँके एहलर्स आणि मायकेल हॉब्स यांनी रस्ते अपघातातील रुग्णांकडे तीन वर्षांनी पुन्हा पाहिले. सुरुवातीला ज्यांना अपघाताची दृश्ये फार छळत होती आणि जे त्या आठवणी टाळू पाहत होते, त्यांच्यापैकी डीब्रीफिंग न झालेले बरेचसे सावरले होते, तर ते झालेले तसेच त्रासात होते. म्हणजे ज्यांना बोलते करण्याची आपल्याला सर्वाधिक घाई होते, नेमक्या त्यांनाच त्याचा अपाय झाला. एक शक्यता अशी की घाबरलेले मन शांत होण्याआधीच प्रसंग पुन्हा जागवला आणि तासाभराने माणसाला तसेच सोडून दिले, तर भीती ओसरण्याऐवजी ताजी होते.

यावरून ‘बोलूच नये’ असा अर्थ काढणे मात्र चूक ठरेल. काही आठवड्यांनंतरही त्रास ओसरत नसेल, तर प्रशिक्षित तज्ज्ञासमोर, अनेक सत्रांत, त्याच आठवणीला सामोरे जाण्याचे उपचार पीटीएसडीवर गुणकारी ठरले आहेत. फरक वेळेचा आहे, आणि सांगण्याचा निर्णय कोणाचा याचा. (शिवाय पाहुण्यांच्या प्रश्नात रुग्णाच्या काळजीइतकेच आपले कुतूहलही असते, हे कबूल करायला हवे.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत म्हणूनच हकीकत विचारण्यावर भर नाही. माणूस सुरक्षित आहे ना, त्याला या क्षणी काय हवे आहे, त्याच्या माणसांशी त्याची गाठ पडली का, हे पाहावे. तो आपणहून बोलला तर ऐकावे, न बोलला तर शेजारी बसावे, पण प्रसंगाचे तपशील काढून घेऊ नयेत, असे ती सांगते. ती पुस्तिका मी दर वर्षी वर्गात वापरते.

भावाने पहिल्या दिवशी माझ्याकडे एकच वस्तू मागितली होती, फोनचा चार्जर. तो मी चौथ्या दिवशी नेला.