ओळखीपलीकडची मुलं : आमची वाटचाल

आमची कंपनी लहान आहे. इतरांना सॉफ्टवेअर बनवून द्यायचं आणि ते चालतं ठेवायचं, हा आमचा धंदा. सुरुवातीची माणसं ओळखीतूनच आली. एकाने वर्गमित्राचं नाव सुचवलं, त्याने जुन्या सहकाऱ्याचं. अशी माणसं जमली की विश्वासाचा प्रश्न येत नाही, काम लगेच सुरू होतं. पण काही वर्षांनी बैठकीत सगळ्यांचं फारच पटकन एकमत व्हायला लागलं. सगळे साधारण एका वयाचे, एकाच तऱ्हेच्या कॉलेजांतून आलेले, बहुतेक पुरुष, शाळेत असल्यापासून घरी कॉम्प्युटर असलेले. आमचं सॉफ्टवेअर वापरणारी माणसं मात्र अशी नव्हती. त्यांच्यात वयस्कर होते, मोबाइलवर पहिल्यांदाच अर्ज भरणारे होते, नजर अधू झालेले होते.

दरवर्षी नव्या पदवीधरांची एक तुकडी घ्यायची, तिला वर्षभर नीट शिकवायचं आणि ती वेगवेगळ्या घरांतून, गावांतून, विषयांतून येईल असं मुद्दाम बघायचं, हे त्यातून ठरलं. यात धंद्याचा हिशोबही होता. पगाराच्या आकड्यात मोठ्या कंपन्यांशी आमची बरोबरी होणं शक्य नाही. त्या ज्या मुलांसाठी कॉलेजांच्या दारात उभ्या राहतात, त्यांच्याच मागे आम्ही लागलो असतो तर हाती काही लागलं नसतं. आणि ज्यांच्याकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत, त्यांच्यात उत्तम डोक्याची मुलं आहेत याची मला खात्री होती.

आमच्या क्षेत्रात याचा जुना आणि फार सुंदर दाखला आहे. १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरातून ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ नावाची कंपनी सुरू केली. लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या, पण काम येणाऱ्या बायकांना त्यांनी घरबसल्या प्रोग्रामिंगचं काम दिलं. धंद्याच्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या आणि उत्तरं यायला लागली. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ बायका होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या बायकांनी केलं. आपल्याला हवी ती माणसं कामाच्या चौकटीत बसत नसतील, तर चौकट नव्याने आखता येते, हे मी शर्लीबाईंकडून घेतलं.

पहिला हात जाहिरातीवर फिरवला. टक्केवारीची अट काढली, शाखेची काढली, ‘शिक्षणात खंड नसावा’ हे वाक्य काढलं. पहिल्या दिवशी खरोखर काय यायला हवं तेवढंच ठेवलं, तर यादी चार ओळींवर आली. ‘आक्रमक’, ‘स्पर्धेत अव्वल’ असले शब्द जाहिरातीत असले की बायकांना ती जागा आपली वाटत नाही, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं होतं. तेही शब्द गेले. पगार लिहिला. निवड किती टप्प्यांत, कोणत्या तारखांना आणि प्रत्येक टप्प्यात काय विचारणार, हे सगळं लिहिलं. ज्याच्या घरात किंवा ओळखीत कुणी या क्षेत्रात नाही, त्याला हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. जाहिरात संध्याकाळच्या कॉलेजांत पाठवली, नोकरी करून कोर्स करणाऱ्यांपर्यंत पोचवली, संख्याशास्त्र आणि भूगोल शिकवणाऱ्यांनाही दिली.

खरं काम होतं ते निवडीचं. फळ्यासमोर उभं करून कोडं घालायचं आणि समोर दोघांनी हाताची घडी घालून बघत बसायचं, ही आमच्या क्षेत्रातली रूढ मुलाखत. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. काही जणांना परीक्षकासमोर फळ्यावर प्रोग्रामिंगचं कोडं सोडवायला दिलं, काहींना तसंच कोडं एकट्याने खोलीत बसून. समोर कुणी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. त्या लहानशा गटात बघ्यांसमोर एकही बाई उत्तीर्ण झाली नाही, आणि एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या बायका उत्तीर्ण झाल्या. म्हणजे या मुलाखतीत धीटपणाच जास्त मोजला जातो. आम्हाला प्रोग्रामर हवे होते, तेव्हा फळा बंद केला.

आता आम्ही एक छोटा, चालू असलेला प्रोग्राम देतो. एका वर्षी वाचनालयाचा दिला होता. पुस्तक उशिरा परत आलं तर दंड आकारायचा, पण महिना बदलला की दंड चुकत होता. दोष शोधायचा, दुरुस्त करायचा, तो पुन्हा आला तर आपोआप पकडणारी टेस्ट लिहायची, आणि शेवटी ग्राहकाला काय विचाराल ते लिहायचं. वेळ दोन तास. घरी करा किंवा आमच्याकडच्या रिकाम्या खोलीत बसा, शेजारी कुणी येणार नाही. इंटरनेट वापरा, एआयची मदत घ्या. दोनच तास यासाठी, की आठवडाभर चालणारं घरचं काम नोकरी करणाऱ्याला किंवा घरात कुणाची शुश्रूषा करणाऱ्याला जमत नाही आणि चांगली माणसं तिथेच गळतात.

एका मुलीचं कोडिंग त्या वर्षी बेताचंच होतं. पण शेवटच्या भागात तिने लिहिलं होतं : वाचनालय ज्या दिवशी बंद असतं तो दिवस दंडात धरायचा का? पुस्तक दुपारी आलं आणि नोंद दुसऱ्या दिवशी झाली तर तारीख कोणती? दंडाला कमाल मर्यादा आहे का, की पुस्तकाच्या किमतीपेक्षाही तो वाढत जाईल? सभासद वारला असेल तर? शेवटच्या प्रश्नावर आमचा एक सिनियर खुर्चीतून पुढे सरकला. प्रोग्रामिंगच्या भाषा आणि लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, शिकवता येतात. इतक्या बारकाईने विचार करणारी माणसं आयती मिळायला भाग्य लागतं. तिला घेतलं, आणि आज क्लायंटकडून गरजा समजून घ्यायला आम्ही तिलाच पुढे करतो.

एआयमुळे अशी परीक्षा निरर्थक झाली, असं मला अनेक जण सांगतात. मला तसं वाटत नाही. परीक्षेनंतर आम्ही अर्धा तास त्यांच्याच कोडवर बोलतो. ही ओळ का लिहिली, दंडाचा नियम असा बदलला तर कुठे हात घालाल, एवढंच विचारतो. ज्याला समजलंय तो सांगतो, चाचपडत का होईना. ज्याने नुसतं चिकटवलंय त्याचं पाच मिनिटांत कळतं.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तर कसं असलं की किती गुण, हे आधीच लिहिलेलं. दोघं परीक्षक आपापले गुण टाकतात आणि मगच एकमेकांशी बोलतात. उमेदवार पुढे कामात कसा निघेल याचा अंदाज कशावरून चांगला येतो, याबद्दलचं शंभर वर्षांचं संशोधन २०२२ मध्ये पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा अशी ठरीव मुलाखत सगळ्यांत वर आली. पेपर तपासताना नाव आणि कॉलेज झाकलेलं असतं. अमेरिकेत २००४ साली छापून आलेल्या एका प्रयोगात एकसारख्याच बायोडेटांवर फक्त नावं बदलली होती. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. नावावरून माणूस तोलायची सवय कुठल्याही समाजात असते, त्यामुळे ही काळजी आम्ही डोळ्यांत तेल घालून घेतो. ‘आपल्यात मिसळेल का?’ हा रकाना तर काढूनच टाकला. त्याचं उत्तर नेहमी ‘आपल्यासारखा आहे का’ यावर येऊन थांबतं.

एकट्या मुलीला किंवा एकट्या वेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलाला कुठल्याही टीममध्ये ठेवायचं नाही, हा आमचा पक्का नियम. एकटं माणूस आपोआप साऱ्या जमातीचा प्रतिनिधी होऊन बसतं. चुकलं तर ‘त्यांचं असंच’. दोघं-तिघं असली की प्रत्येक जण आपापल्या कामाने ओळखला जातो.

पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण, आणि तुकडीत सगळ्यांना सारखा. वाटाघाटी नाहीत, कारण त्या ज्याला घरून शिकवलेल्या असतात त्यालाच जमतात. बाहेरगावाहून येणाऱ्याला पहिल्या महिन्याचा पगार आधी देतो. अमुक वर्षं सोडून जायचं नाही अशी अट घालत नाही.

शिकवण्याची पद्धत ठरवताना हार्वे मड कॉलेजचा फार उपयोग झाला. अमेरिकेतल्या या कॉलेजात २००६ मध्ये मारिया क्लावे अध्यक्ष झाल्या. तिथल्या प्राध्यापकांनी प्रोग्रामिंगचा पहिला वर्ग दोन भागांत केला, आधी थोडंफार येणाऱ्यांचा वेगळा आणि कोऱ्या पाटीच्यांचा वेगळा. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेऐवजी पायथन घेतली. मुलींना पहिल्याच वर्षी मोठ्या परिषदा दाखवल्या. कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण काही वर्षांतच सुमारे १० टक्क्यांवरून ४० च्या आसपास गेलं. आमच्याकडेही पहिले सहा आठवडे दोन गट असतात. ज्याने शाळेत असताना गेम लिहिलाय तो बोलत सुटला की ज्याने टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, कधी उघडलंच नाही तो गप्प होतो, आणि एकदा गप्प झाला की पुढे वर्षभर विचारत नाही. सहा आठवड्यांनी गट एक होतात, आणि कोण कुठल्या गटातलं होतं हे मला तरी फार दिवस ओळखू येत नाही.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचा एक बारीकसा बदल खऱ्या ग्राहकापर्यंत जातो. मग डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि सपोर्ट, असे काही काही महिने. सपोर्ट टाळून चालत नाही. चिडलेल्या माणसाचा फोन स्वतः घेतल्याशिवाय एरर मेसेज कसा लिहावा हे कळत नाही. कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासताना, मोकळ्या जागा आणि कंस टूलने बघायचे, माणसाने ‘का’ ते लिहायचं. ‘हे तर साधं आहे’, ‘उघड आहे’ हे शब्द रिव्ह्यूत बंद आहेत. प्रत्येकाला दोन सिनियर मिळतात, एक कामाचा आणि एक दुसऱ्या टीममधला. या दुसऱ्या सिनियरचा नव्या मुलाच्या मूल्यमापनाशी काही संबंध नसतो, त्याला काहीही विचारावं.

लहान कंपनीला यात सगळ्यांत महाग काय पडतं, तर सिनियरांचा वेळ. तो आम्ही वेळापत्रकात धरतो, त्यांच्यावरची टिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, तेवढी कमी करतो आणि बढतीच्या वेळी शिकवण्याचं काम मोजतो. मनापासून शिकवायला जितके सिनियर तयार, तितकीच मोठी तुकडी घ्यायची. अर्ज कितीही चांगले आले तरी हा आकडा आम्ही वाढवत नाही. मुलांच्या सुरुवातीच्या महिन्यांचं बिल क्लायंटला लावत नाही, तो प्रशिक्षणाचा खर्च म्हणून अंदाजपत्रकात बसवतो.

त्याचं फळ कुठे दिसतं ते सांगतो. आमच्या एका डॅशबोर्डवर, म्हणजे कामांची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर, काम सुरळीत असलं की हिरवा गोल आणि अडलं की लाल, असं होतं. सगळ्यांनी पाहिलेलं, क्लायंटने मान्य केलेलं. नव्या तुकडीतल्या एका मुलाने पहिल्याच डेमोत विचारलं, “सर, यातलं बंद कुठलं आहे? मला दोन्ही सारखेच दिसतायत.” त्याला लाल-हिरवा फरक कळत नाही. माहिती फक्त रंगाने सांगू नये, हे वेब ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत १९९९ पासून लिहिलेलं आहे, आणि आमच्या सिनियरांपैकी कितीतरी जणांनी ते वाचलेलंही होतं. पण ते डॅशबोर्डवर उतरलं त्या मुलाच्या प्रश्नाने. आता गोलाशेजारी शब्द असतो आणि आकारही वेगळा. दुसऱ्या एका मुलीला आडनावच नाही. आमचा अर्ज आडनावाशिवाय पुढे सरकत नव्हता. तिने तो रकाना ऐच्छिक केला, आणि डेटाबेसपासून पावतीपर्यंत जिथे जिथे आडनाव गृहीत धरलं होतं ती प्रत्येक जागा शोधून काढली.

काही जण वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या कंपन्यांत जातात. जाताना आम्ही त्यांना मनापासून शिफारसपत्र देतो, आणि त्यांच्यामार्फत आमच्याकडे नवे अर्ज येत राहतात. राहिलेल्यांपैकी कित्येक आता स्वतः शिकवतात. पुढच्या तुकडीत घरच्या जबाबदारीमुळे काही वर्षं नोकरीबाहेर राहिलेल्यांसाठीही जागा ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी कामाच्या वेळा कशा लावायच्या यावर सध्या चर्चा चालली आहे. यंदाचा पेपर गेल्या तुकडीतली मुलं काढताहेत. सपोर्टमध्ये असताना त्यांनी जो बग पकडला होता, तोच त्यांनी प्रश्न म्हणून घातला आहे.