काठावरचा दोर

रविवार, रात्र

आज तळ्याच्या मधोमध जाऊन आले. गेल्या नऊ वर्षांत आपण तिथपर्यंत कधी पोहोचलोच नव्हतो, हे मला तिथे पोहोचल्यावर लक्षात आले. काठापासून तीस-चाळीस हात गेले की मागून पाणी कापत येणारा तो जड श्वास ऐकू येत असे, मग माझ्या कुत्रीचे, गोदाचे काळे डोके माझ्या खांद्याशी येई, ती माझ्याभोवती एक फेरी मारी आणि माझे मनगट तोंडात धरून मला काठाकडे वळवी. दात कधी लागले नाहीत, पण हात सोडवूनही घेता आला नाही. ५२ किलोंचा तो जीव एकदा काठाच्या दिशेने निघाला की आपणही निघायचे, एवढेच हाती राही. आज तसे काही झाले नाही. मी मधोमध उताणी पडून राहिले, दोन्ही कान पाण्याखाली होते, आणि तरीही मी काहीतरी ऐकू येते का याची वाट पाहत होते.

घडले ते इतकेच. घरी येऊन चार तास झाले, केस वाळले, जेवण झाले, तरी मन त्या पाण्यातून बाहेर आलेले नाही.

मला आठवतो आहे तो गेल्या वर्षीचा उन्हाळा. मे महिन्यात तिच्या हृदयाचे दुखणे कळले. हृदयाचा स्नायू सैल पडून ते आकाराने वाढले होते. मोठ्या जातींच्या कुत्र्यांना हे होते, गोदाच्या न्यूफाउंडलँड जातीलाही होते. सकाळ-संध्याकाळ हृदयाला बळ देणारी पिमोबेंडनची गोळी, फुप्फुसांत पाणी साचू नये म्हणून लघवीची गोळी, आणि पोहणे पूर्ण बंद. झोपेतला श्वास मिनिटाला तीसच्या आत राहायला हवा असे सांगितले होते, म्हणून मी रोज रात्री तिच्या बरगड्यांजवळ बसून, घड्याळ समोर ठेवून, वर-खाली होणारा तो काळा डोंगर मोजत असे. याच वहीच्या शेवटच्या पानांवर ते आकडे आहेत. २२, २४, २३, २६. ऑक्टोबरमधले आकडे मी पुन्हा वाचलेले नाहीत.

पोहणे तिचे बंद झाले, माझे नाही. हेच मला टोचते आहे. तिला घरी ठेवून पाहिले, परंतु दाराशी बसून ती ज्या आवाजात रडत असे तो ऐकून धाकटीने मला परत बोलावून घेतले, आणि मग मी असा मार्ग काढला की तिला सोबत न्यायचे, काठावरच्या स्प्रूसच्या बुंध्याला दोराने बांधायचे आणि स्वतः पाण्यात उतरायचे. ती भुंकत नसे. ताणलेल्या दोराच्या टोकाशी, पुढचे पंजे जेमतेम भिजतील अशा जागी ती उभी राही आणि मी परत येईपर्यंत बसत नसे. किती वेळा गेले ते मोजले नाही, वीस वेळा तरी गेले असेन. म्हणजे वीस वेळा तिने मला बुडताना पाहिले आणि वीस वेळा तिला जागेवरून हलता आले नाही. मला पोहता येते, गोदा, मी लहानपणापासून पोहते आहे, हे तिला सांगण्याची भाषा माझ्याजवळ नव्हती. पोहणे सोडून देणे ही एक भाषा होती, पण ती मला तेव्हा सुचली नाही.

या जातीला पाण्यातून माणूस ओढून आणायला शिकवावे लागत नाही, हे आम्हाला तिला घरी आणण्याआधीही ठाऊक होते. इथे, कॅनडातल्या न्यूफाउंडलँड बेटावर, सेंट जॉन्सच्या बंदरालगतच्या बागेत या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे, आणि इथे पहिल्यांदा आलो तेव्हा त्याच्याशेजारी उभे राहून काढलेला फोटो नाशिकच्या घरात अजून लावलेला आहे. पण ठाऊक असणे वेगळे आणि रोज घरात त्याच्यासोबत राहणे वेगळे. बोटांमधले ते पडदे, वरचा लांब केसांचा थर चिंब झाला तरी आतला मऊ थर कोरडा ठेवणारी ती दाट लव, आणि बाकीच्या कुत्र्यांसारखे पाय पुढे-मागे न मारता बाजूला फाकवत केलेले ते संथ, ताकदीचे पोहणे. कोळ्यांबरोबर राहून, जाळी ओढून, होडीवरून काठावर दोर नेऊन ही जात घडली. माझ्या घरात तिला ओढायला जाळे नव्हते. मी होते.

शेजारचे आजोबा स्वतः कॉड पकडत असत. २ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडची मासेमारी बंद केली, त्या दिवसापर्यंत त्यांची होडी पाण्यात होती. ते गोदाला नेहमी ‘एथी’ची गोष्ट सांगत, मला नव्हे, तिलाच, तिचे डोके दोन्ही हातांत धरून. ११ डिसेंबर १९१९ रोजी ‘एथी’ नावाची आगबोट या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मार्टिन्स पॉइंटजवळ, वादळात खडकांवर गेली. बोटीवर ९२ माणसे होती, आणि ती सगळी वाचली; एका तान्ह्या बाळाला तर टपालाच्या पिशवीत घालून दोरावरून काठावर आणले. तो दोर लाटांमधून काठापर्यंत एका कुत्र्याने आणला असे अनेक जण सांगतात, आणि कुत्र्याचा त्यात काही संबंध नव्हता असे सांगणारेही आहेत. आजोबा पहिल्या बाजूचे, आणि मीही. त्या बोटीचे गंजलेले लोखंड अजून त्या किनाऱ्यावर पडून आहे. गोदा दोन वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो होतो. तिने त्या लोखंडाचा नुसता वास घेतला आणि ती सरळ पाण्यात शिरली.

आज मधोमध पडून असताना मनात आलेले वाक्य इथे लिहून टाकते, कारण ते खोटे ठरवायचे असेल तर आधी लिहायला हवे. आता माझ्यासाठी पाण्यात उडी टाकणारे या घरात कोणी उरलेले नाही. धाकटी हॅलिफॅक्सला गेली. आईशी बोलायचे तर घड्याळ पाहावे लागते. मी बुडाले तर ते सोमवारी कोणाच्या तरी लक्षात येईल. हे वाक्य लिहिताना डोळे भरून आले हे खरे, पण कोणासाठी भरले ते मला नीट सांगता येणार नाही.

आजोबांना मी गेल्या ऑगस्टमध्ये एकदा विचारले होते. ते तळ्यावर आले होते, दोर ताणून उभ्या असलेल्या गोदाकडे बराच वेळ पाहत होते. मी म्हणाले की तिला वाटते मी बुडते आहे, आणि त्या भीतीनेच तिचे हृदय थकेल असे मला वाटते. ते म्हणाले, “ती घाबरलेली नाही. ती कामावर आहे.” तेव्हा मला बरे वाटले होते. नंतर त्या बरे वाटण्यातही काटा निघाला, कारण ती कामावर असेल तर मी तिचे काम हिरावून घेतले होते. होडी काठाला लागल्यावर आजोबांचे जे झाले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

मात्र सप्टेंबरचा शेवटचा रविवार मी आज दिवसभर विसरले होते, तो आत्ता लिहिता लिहिता आठवला. पाणी गार झाले होते, मी लवकर परत फिरले, आणि छातीएवढ्या पाण्यात पाय टेकवून उभी राहिले. तिचा दोर त्या दिवशी मी लांब बांधला होता. मुद्दाम बांधला होता का, ते आता ठरवता येत नाही. ती पोटापर्यंत पाण्यात आली आणि थांबली. मी जवळ जाऊन हात पुढे केला. तिने मनगट धरले, वळली, आणि मला सात-आठ पावले काठापर्यंत ओढून आणले. मग तिने अंग झाडले, माझा चेहरा, चष्मा, पिशवीतला टॉवेल, सगळे भिजवले आणि वाळूवर पडून झोपी गेली. त्या रात्रीचा आकडा मी आत्ता मागे जाऊन पाहिला. २४.

माझे पाय जमिनीला लागलेले होते, आणि ते तिला दिसत होते; मी चालत होते, पोहत नव्हते. तरीही तिने ओढले. मग कदाचित तिला ते नेहमीच माहीत असावे. नऊ वर्षांत मी एकदाही बुडाले नाही, हे तिच्यासारख्या हुशार जिवाच्या लक्षात आले नसेल, असे मी कशावरून धरून चालले होते? तिला मला पोहता येते हे ठाऊक होते, आणि मला काठावर आणणे हे तिला तरीही करायचेच होते.

अण्णांनी मला दिंडोरीच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवले. पाठीला पत्र्याचा डबा, कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक अण्णांच्या हातात. डबा दुसऱ्या उन्हाळ्यात सुटला. दोर मात्र त्यानंतरही राहिला, मी विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन वर येऊ लागले तरी राहिला, आणि चुलतभावांसमोर मला त्याची इतकी लाज वाटे की एकदा मी तो पाण्याखाली सोडून टाकला. अण्णांनी रिकामा दोर वर ओढला. मी कठड्याखाली हसत होते. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी गाठ अधिक घट्ट बांधली, एवढेच.

अण्णांना आता विचारता येणार नाही.

साडेनऊ वाजले आहेत. आमच्या आणि तिकडच्या घड्याळात हिवाळ्यात पुरते नऊ तास आणि उन्हाळ्यात पुरते आठ तास. दोन्हीकडचे अर्धे तास एकमेकांत जिरून जातात. म्हणजे नाशिकला साडेपाच झाले आहेत आणि आई उठून चहा टाकत असेल. ती विहिरीवर कधी आली नाही. आम्ही दोघे ओले होऊन घरी परतलो की ती दारातच असे, हातात टॉवेल घेऊन. आम्ही मळ्यावर गेलो की परत येईपर्यंत ती काय करत असे, हे मी तिला आजवर विचारलेले नाही. आता फोन लावते.