बाईंची वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे पत्र आले आणि ते वाचता वाचताच संगीताच्या बाईंची ती लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही डोळ्यांपुढे उभी राहिली. संगीताच्या खोलीतल्या प्रत्येक व्हायोलिनला त्या वहीत स्वतंत्र पान होते. ते व्हायोलिन ज्या ज्या मुलाच्या हाती गेले त्याचे नाव आणि घेतल्या-परत केल्याच्या तारखा त्यावर बाईंच्या अक्षरात नोंदलेल्या असत.

व्हायोलिन मुलाच्या हाताच्या लांबीप्रमाणे निवडावे लागते. पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशी मापे मागे टाकत मूल वाढते, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे वाद्य घेणे आमच्यासारख्या घरांना केवळ अशक्य होते. शाळेतली सगळी व्हायोलिने एका धर्मादाय न्यासाने दिलेली होती. पुढे न्यासाने आणखी वाद्ये देऊ केली, तेव्हा बाईंनी पाठवलेल्या उत्तराची पक्की प्रत, माझे अक्षर बरे म्हणून, माझ्याकडून लिहून घेतली. वाद्ये पुरेशी आहेत; आता तारा, व्हायोलिन वाजवण्याच्या गजाचे केस आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षकांचे मानधन यांसाठी पाच वर्षे थोडी थोडी रक्कम द्यावी, अशी विनंती त्यात होती. न्यासाने ती मान्य केली. मला जे काही वाजवता आले ते त्या पत्रामुळे, असे मी मनापासून मानतो.

सातवीत मला पाऊण मापाचे व्हायोलिन मिळायचे होते आणि त्यासाठी अर्धे परत करायचे होते. तीन वर्षे हनुवटीखाली धरलेले ते वाद्य सोडवेना, म्हणून मी दोन दिवस ते आणलेच नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मऊ फडके दिले, तारांखाली साचलेली राळेची पांढरी भुकटी माझ्याकडून पुसून घेतली, चारही तारा सुरात लावायला सांगितल्या आणि मग पाचवीतल्या एका मुलीच्या हाती ते मलाच द्यायला लावले. “हे तुझे नव्हते आणि तिचेही होणार नाही. मापात बसेल तोवर वाजवायचे,” एवढेच त्या म्हणाल्या. वहीच्या पानावर माझ्या नावाच्या वर चार नावे होती. खाली पाचवीतल्या त्या मुलीचे लिहिले गेले.

आज एका न्यासाच्या अनुदान समितीवर काम करताना अर्ज वाचतो, तेव्हा वाद्यखरेदीचे आकडे मोठे आणि शिक्षकाच्या मानधनाचा रकाना रिकामा असे वारंवार दिसते. देणाऱ्यालाही ज्यावर नाव कोरता येईल तेच द्यावेसे वाटते. वास्तविक, होसे आंतोनियो आब्रेउ यांनी 1975 मध्ये व्हेनेझुएलात सुरू केलेली वाद्यवृंदाची चळवळ असो, की तिच्यावरून प्रेरणा घेऊन 2008 मध्ये स्कॉटलंडमधल्या रॅप्लॉक या वस्तीत एका धर्मादाय संस्थेने सुरू केलेला उपक्रम असो, तिथे मुलांना वाद्याबरोबर शिकवणीही वर्षानुवर्षे विनामूल्य मिळत राहिली. नाटकाचे किंवा मैफलीचे फुकट तिकीटदेखील, रात्री घरी परतण्याची सोय नसेल, तर मुलाच्या काहीच उपयोगाचे नसते. मानधनाचा आणि ये-जा करण्याचा असा खर्च अर्जात लिहायला कार्यकर्ते संकोचतात. मी त्यांना तो आवर्जून लिहायला सांगतो, आणि तसे सांगताना बाईच आठवतात.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. संगीताच्या खोलीत आता जुनी बाके रचून ठेवली आहेत. कपाटात सहा व्हायोलिने सापडली. त्यांच्या तारांना आधार देणाऱ्या घोड्या पडलेल्या होत्या आणि गजांचे केस किडीने खाल्ले होते. ते पाहून फार वाईट वाटले. मी समितीवर असल्यामुळे आमच्या न्यासाकडून माझ्याच शाळेला अनुदान मागणे मला योग्य वाटत नाही. म्हणून त्यांतली दोन स्वखर्चाने दुरुस्त करून घेतली आहेत आणि तारांचे काही जादा संच या मनोगताबरोबर पाठवत आहे. दुरुस्त केलेल्या व्हायोलिनांतले एक अर्ध्या मापाचे आहे. बाईंची वही कार्यालयाच्या कपाटात अजून आहे. ते व्हायोलिन ज्या मुलाला द्याल त्याचे नाव, तारखेसह, कृपया त्याच पानावर लिहावे.