कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि उजेडाची टंचाई: संग्रहालय, गुहा आणि पूल

मोठा कॅमेरा घरी ठेवला आणि खिशात मावणारा कॉम्पॅक्ट तेवढा घेतला. बेत होता एक संग्रहालय, एक गुहा आणि संध्याकाळी नदीवरचा पूल, म्हणजे दिवसभर उजेडाची टंचाईच. असाच बेत आखणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी कॅमेऱ्याची कुवत समजून घ्या. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर (उजेड टिपणारी चिप) जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. ‘एक इंची’ म्हणून विकला जातो तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. माझा पहिल्या जातीतला. तिथे आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ८०० ओलांडला की सावल्यांत दाणे दिसू लागतात आणि पुढे कॅमेरा ते दाणे घासता घासता बारकावेही पुसून टाकतो. म्हणून ऑटो आयएसओला ८००ची कमाल मर्यादा घातली आणि उरलेली कसर शटरवर, म्हणजे उजेड आत येण्याच्या वेळेवर, सोडली.

संग्रहालयात झूमचा मोह टाळा. लेन्सवर एफ/१.८–५.६ असं काहीतरी छापलेलं असतं (आकडा मोठा तितकं उजेडाचं भोक लहान), त्याकडे कुणी बघत नाही. त्याचा अर्थ असा, की पूर्ण झूम केल्यावर सेन्सरवर साधारण दहावा हिस्साच उजेड पडतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जावं. फ्लॅशला बहुतेक ठिकाणी बंदी असतेच, पण फोकससाठी पेटणारा नारिंगी दिवाही मेनूत जाऊन बंद करा, नाहीतर रखवालदार हटकणारच.

एका काचपेटीत जुनी नाणी होती. समोरून बघितलं तर स्क्रीनवर नाण्यांपेक्षा छतावरच्या ट्यूब आणि माझा शर्टच जास्त. मॅक्रो (अगदी जवळून टिपायचा मोड) लावून लेन्सची कड काचेला अलगद टेकवली. प्रतिबिंब गेलं, आणि काचेचाच आधार मिळाल्यामुळे १/१५ सेकंदालाही नाण्याच्या कडेची झीज स्वच्छ आली. मोठ्या लेन्सला इतकं जवळ जाणं सहसा जमत नाही; इथे मात्र छोट्याची चलती.

गुहेत खरी कसोटी. हातात धरून काही होत नाही, त्यामुळे कॅमेरा गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. बटण दाबतानाचा हिसकाच फोटो हलवतो. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढेमागे चाचपडत राहतो. भिंतीच्या एखाद्या ठळक कडेवर टॉर्च मारा, बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा, टॉर्च विझवा, मग पूर्ण दाबा. पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरनंतर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवल्यावर, स्क्रीन जवळपास तितकाच वेळ काळी राहिली तर कॅमेरा बिघडला समजू नका. तो शटर मिटून दुसरी चौकट (फ्रेम) घेतो आणि तिच्यातले दाणे पहिलीतून वजा करतो. तेवढ्यात बंद केलात तर फोटो हातचा जाऊ शकतो.

पुलावर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. गर्दी सूर्य बुडाला की पांगते, आणि नेमकं त्यानंतरच्या वीस-तीस मिनिटांत आभाळाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा एकमेकांच्या तोलाचे असतात. त्यानंतर आभाळ काळं आणि दिवे पांढरे ठिपके. एक्स्पोजरची पट्टी उणे एकवर आणून फोटो मुद्दाम थोडा काळपट ठेवला तर दिव्यांचा रंग टिकतो. चालती माणसं स्पष्ट हवी असतील तर निदान १/६० सेकंदाचं शटर हवं. कॅमेऱ्यातला ‘हातातून रात्र’ छापाचा मोड चार-सहा चौकटी जोडून दाणे कमी करतो खरा, पण त्यात माणसांची भुतं होतात. कठड्यासाठी, पाण्यातल्या दिव्यांसाठी तो उत्तम.

अंधारात स्क्रीन लख्ख वाटते आणि फोटो बरा आलाय असा भास होतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख) बघा. आणि जादा बॅटरी घ्याच; या पद्धतीत स्क्रीन सतत चालू असते, माझी पहिली बॅटरी पुलावर पोचायच्या आतच संपली होती.