दिवाडीचा मुक्काम आणि पहाटेची स्वप्नं

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर पहिल्यांदा मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी चहाच्या वेळी दोनच विषय काढतो. एक डास, दुसरा रात्री पडलेलं स्वप्न. घरमालकिणीला दोन्हींची सवय असते. डासांचं ऐकून ती मच्छरदाणी कुठून उघडी राहिली ते दाखवते, स्वप्नाचं ऐकून ‘राखणदार (गाव राखणारं दैवत) फिरला असेल’ म्हणते आणि गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, पुढे करते. पाहुणा मात्र घरी जाऊन आठवडाभर सांगत राहतो की बेटावर काहीतरी आहे, तिथे स्वप्नं फार पडतात.

स्वप्नं फार पडत नाहीत, फार आठवतात. यातला फरक कळला की मुक्काम कुठे करावा, किती वाजता जेवावं आणि फेणीचा कितवा पेग शेवटचा, हे सगळं आपोआप ठरतं.

आधी पोचण्याचं बघू. गोव्यातली वस्तीची बेटं नदीतली: चोडण, दिवाडी, जुवें, कुंभारजुवे, वांशी. चोडणला मयेकडून गाडीनेही जाता येतं. दिवाडीला फेरीबोटीशिवाय इलाज नाही, आणि धक्के तीन. एक जुने गोवेचा, एक रायबंदरचा, तिसरा उत्तरेला नार्व्याचा. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. देवाचं मूळ स्थान दिवाडीवरच. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बेटावरची ही तीन उतरण्याची ठिकाणं एकमेकांपासून बरीच लांब आहेत, तेव्हा यजमानांना धक्क्याचं नाव नक्की सांगा. नुसतं ‘फेरीवर आलोय’ म्हटलं की ते एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या, असं हमखास होतं. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळचं, तिथून रिक्षा किंवा पायलट (मोटारसायकल टॅक्सी) करून जुने गोवेचा धक्का गाठायचा.

चालत जाणाऱ्याला फेरीबोट फुकट आहे. चारचाकीला किरकोळ भाडं पडतं, पण भाड्यापेक्षा रांग नडते. बोटीत गाड्या मोजक्याच मावतात, आणि संध्याकाळी कामावरून परतणारे बेटकरी असतात. एका रात्रीसाठी गाडी अलीकडेच ठेवलेली बरी. दुचाकी न्यायची असेल तर ओहोटीची वेळ सांभाळा. पाणी उतरलं की धक्क्याचा एरवी बुडालेला, शेवाळ धरलेला उतार उघडा पडतो. मागच्याला उतरवायचं, पहिला गिअर, पुढचा ब्रेक दाबायचा नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ आज कामाची नाही. पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता, हे यजमानांनाच विचारा. इंटरनेटवरची वेळापत्रकं जुनी असतात.

खोली ठरवताना फोटोत बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) किती सुंदर दिसतं हे शेवटी बघा. आधी विचारा, वर कौलं आहेत की स्लॅब? एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत ऊन सोडत राहतो. मंगळुरी कौलांची उंच खोली त्याच्या आधी निवते. याचा स्वप्नांशी थेट संबंध आहे. ठळक स्वप्नं बहुतेक पडतात त्या झोपेत, म्हणजे डोळे पापण्यांआड भराभर हलतात त्या ‘रेम’ झोपेत, शरीर स्वतःचं तापमान नीट सांभाळत नाही. घाम येणं, कुडकुडणं हे व्यवहार मंदावतात. खोली फार गरम किंवा फार गार झाली की जाग येते ती नेमकी याच झोपेतून. आणि त्या झोपेतून थेट जागा झालेला माणूस स्वप्न अख्खं सांगू शकतो.

दुसरा प्रश्न, वीज गेली तर पंखा कशावर चालतो? तिसरा, मच्छरदाणी चौकोनी आहे की वरून एका खुंटीला टांगलेली? टांगलेली दिसायला छान, पण झोपेत हात-पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरूनच चावतो. चौकोनी घ्या, चारी बाजूंनी गादीखाली खोचा, आणि काळोख पडण्याआधी खोचा. रात्री दहाला खोचली तर आत शिरलेले डास आतच अडकतात. बंद खोलीत कॉइल लावू नका. धुराने घसा सुकतो आणि तीनदा पाणी प्यायला उठावं लागतं. घर पर्यटन खात्याकडे नोंदलेलं आहे का, हेही विचारून घ्या. १९८२ च्या कायद्यानुसार ती नोंदणी लागते.

आता जेवण. शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेलं मासळीचं तुकडं, सोलकढी. नशीब असेल तर खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाडीकडून राखलेल्या शेतातल्या, कोरगुटाचा भात मिळतो. खारं पाणी सोसणारं हे भात बांध आणि मानशी (भरतीचं पाणी अडवणारी दारं) सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांमुळेच टिकलं आहे. हे सगळं आठ-साडेआठपर्यंत उरकावं. बेटावर पाहुणे उशिरा जेवतात, कारण फेणी लवकर सुरू होऊन उशिरा संपते.

फेणीचा हिशेब एकदा कागदावर मांडू. काजूची फेणी साधारण ४२ टक्के मद्यार्काची. ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २५ मिली, म्हणजे वजनाने २० ग्रॅमच्या आसपास शुद्ध मद्यार्क. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. म्हणजे एका पेगला दोन ते तीन तास. साडेनऊला दोन पेग संपवून दहाला पडलात तर मद्य अंगातून उतरतं दोन-अडीचला. तोवर त्याने रेम झोप दाबून धरलेली असते. उतरलं की दाबलेलं सगळं उसळून वर येतं, मानस उघडल्यावर पाणी घुसतं तसं. त्यात लघवीला उठणं, तहान, धडधड. पहाटे तीन ते सहामधली ती लांबलचक, विचित्र, तपशीलवार स्वप्नं यातून येतात. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, मिळतो. तो सौम्य, म्हणून लोक ग्लास मोजत नाहीत, आणि गोळाबेरीज तिथेच येते. शांत झोप हवी असेल तर शेवटचा घोट झोपण्याआधी तीन-चार तास.

फेणी न घेणाऱ्यालाही स्वप्न आठवतंच, त्याचं कारण वेगळं. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे आजीलाही ठाऊक असतं; झोपेच्या प्रयोगशाळांनी १९६६ मध्ये ते मोजून दाखवलं. पहिल्या रात्री जाग जास्त येते आणि रेम झोप उलट थोडी घटते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो. अनोळखी आवाज आला की तोच आधी दचकतो.

झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं. पहिल्या आवर्तनात रेम जेमतेम दहा मिनिटं, पहाटेच्या आवर्तनात अर्धा तास किंवा जास्त. ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही ते सोडा, लक्षात राहतं ते पहाटेचंच. आणि दिवाडीवर पहाट फार गोंगाटाची असते. कोंबडे, मोर, चर्चची घंटा, मग पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा. पावसाळ्यात रात्रभर बेडूक. कोकण रेल्वेचा मार्ग बेटावरूनच जातो. स्टेशन नाही, पण रात्रीच्या गाड्यांची धडधड खाजनावरून लांबपर्यंत ऐकू येते. ज्याला हे त्रासाचं वाटेल त्याने कानात बोळे घालावेत आणि रुळांपासून लांबचं घर घ्यावं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा, म्हणजे बेटाचा झेंड्यांचा उत्सव, असतो. तेव्हा झोपेच्या अपेक्षेने येऊच नये.

बाहेरचं स्वप्नात शिरतं हेही खरं. १९५८ मध्ये विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट या संशोधकांनी झोपलेल्यांना आवाज, उजेड आणि पाण्याचे शिंतोडे देऊन पाहिलं. स्वप्नात सर्वांत जास्त वेळा उतरलं ते पाणी. कौलातून पावसाचे तुषार येत असतील तर खाट सरकवून घ्या, नाहीतर बुडण्याचं स्वप्न पडल्याची तक्रार करू नका.

वासाची गोष्ट आणखी मजेशीर. ओहोटीला खारफुटीतला काळा चिखल उघडा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड, हवा न पोचणाऱ्या चिखलातले जीवाणू तयार करतात. जर्मनीतल्या मानहाइमच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रेम झोपेतल्या माणसांना नेमका हाच वायू हुंगवला, आणि दुसऱ्या वेळी गुलाबाचा वास. स्वप्नातल्या घटना फारशा बदलल्या नाहीत. भावना मात्र बदलली, गुलाबाने प्रसन्न, सडक्या वासाने उदास. खिडकी खाजनाच्या बाजूला असेल आणि ओहोटी पहाटेची असेल, तर त्या बाजूचं दार लावून अंगणाकडची खिडकी उघडी ठेवा. खर्च शून्य.

परदेशी पाहुणे कधी कधी पेरूच्या टिटिकाका सरोवरातल्या अमांतानी बेटाशी तुलना करतात. तिथेही पर्यटक गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि तिथेही स्वप्नांचे किस्से भरपूर. पण ते सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरवर आहे, हवेचा दाब आपल्या सुमारे ६३ टक्के. झोपेत श्वास मध्येच थांबतो, पुन्हा जोरात सुरू होतो, आणि दर वेळी झोप मोडते. दिवाडी समुद्रसपाटीलाच टेकलेली. इथे उंचीला दोष देता येत नाही.

राखणदाराकडे परत येऊ. रात्री जाग येते, डोळे उघडे, खोली दिसते, पण हात हलत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. हे राखणदाराच्या माथी मारू नका, तो बिचारा बांध राखतो. रेम झोपेत स्नायू लुळे पडतात, म्हणून आपण स्वप्नात पळताना खाटेवरून पडत नाही. कधी मेंदू आधी जागा होतो आणि लुळेपणा क्षणभर मागे राहतो. जागरण झालेल्यांना आणि उताणं झोपणाऱ्यांना हे जास्त होतं. श्वासाकडे लक्ष द्या, हाताचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा, सहसा मिनिटाभरात सुटका होते. मग कुशीवर झोपा. रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेल्या पाहुण्याने दुपारी थोडी झोप काढलेली चांगली.

स्वप्न पकडायचंच असेल तर जाग येताच हलू नका. डोळे मिटलेले, अंग त्याच कुशीवर. शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे जा. मग उशाशी ठेवलेल्या वहीत पाच-सहा शब्दच लिहा: जागा, माणूस, रंग, भीती की आनंद. वाक्यं लिहायला गेलात तर पहिलं वाक्य पूर्ण होईतो उरलेलं निसटतं. मोबाइल हातात घेऊ नका. एक संदेश वाचला की संपलं. पेन्सिल घ्या, दमट हवेत कागद मऊ पडतो आणि जेल पेन पसरतं. गजर लावायचाच तर झोपल्यापासून सहा तासांनी, आणि अशा रात्री फेणीला हात लावू नका.

काही औषधंही हा खेळ करतात. रक्तदाबासाठीचं मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, काही नैराश्यविरोधी गोळ्या, निकोटिनचे पॅच, मेलाटोनिन, आणि काही परदेशी प्रवासी घेतात ती मलेरियाची आठवड्याची मेफ्लोक्विन. यातलं काही चालू असेल तर स्वप्नांचं श्रेय बेटाला देण्याआधी गोळीचा कागद वाचा. मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि स्वप्नाच्या भरात पहाटे नदीत उतरायची लहर आली तर आवरा. मांडवी आणि कुंभारजुवे कालव्याच्या पट्ट्यात मगरी आहेत.

जमलं तर दोन रात्री राहा. दुसऱ्या रात्री पहारेकरी मेंदू सैल होतो, झोप सलग लागते आणि सकाळी सांगायला फारसं काही नसतं. यजमानांना ते पाहुणे जास्त आवडतात. वही मात्र घरी पोचल्यावरही आठवडाभर उशाशी असू द्या. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे खरं, पण ते दोन हप्त्यांत दिसतं. अनुभवाचे तुकडे त्याच रात्री उमटतात आणि मग पुन्हा पाच ते सात दिवसांनी. शनिवारी दिवाडीवर राहिलात तर पुढच्या गुरुवार-शुक्रवारी, फोंड्यातल्या फ्लॅटमध्ये, फेरीबोट सुटताना दिसू शकते. तारीख लिहून ठेवा, नाहीतर ती कुठून आली ते कळायचं नाही.