डंप हिरवा झाला, माती थांबली का?

गोव्यात डिचोली-सत्तरीच्या रस्त्याने जाताना खाणींच्या डंपांवर, म्हणजे उपसून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगांवर, उंच, दाट झाडी दिसते. बाहेरून आलेले पाहुणे कौतुकाने विचारतात, हे जंगल कसलं? बहुतेक ठिकाणी ते एकाच झाडाचं असतं. ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिला इथे सगळे आकेशियाच म्हणतात. मी वनस्पतिशास्त्राची. गेले काही पावसाळे अशाच एका बंद खाणीच्या डंपावर धूप आणि झाडोरा मोजते आहे.

गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. त्यांचे हे डोंगर. त्यात जांभ्याचे तुकडे, तांबडी माती आणि मधूनच फायलाइट नावाच्या खडकाची पिवळट-जांभळी चिकण. ही चिकण भिजली की सरळ वाहायलाच लागते. इथला पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाणकाम 2012 मध्ये थांबलं, सुरू झालं, 2018 मध्ये पुन्हा थांबलं. डंपावरचा पाऊस मात्र दरवर्षी येतोच. खाली भातशेतात गाळ उतरतो, ही पिसुर्ल्यासारख्या गावांतल्या शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे.

धूप मोजायचं साधन अगदी साधं. लोखंडी सळ्या उतारावर ओळीने ठोकायच्या, ठरावीक लांबी वर ठेवायची आणि पावसाळ्याआधी, पहिल्या मोठ्या सरींनंतर, मग ऑक्टोबरात ती लांबी पुन्हा मोजायची. सळी जास्त उघडी पडली तर माती गेली. बुडाली तर वरची माती तिथे येऊन बसली. जायचं नेहमी बाजूने, नाहीतर आपल्याच पावलांनी उतार ढासळतो. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण एका हेक्टरवरून एक मिलिमीटर थर गेला तर ती दहा घनमीटर माती होते, म्हणजे एक मोठा ट्रक भरून.

जून आणि ऑगस्टमधला फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तेवढाच पाऊस ऑगस्टात पडला तर सळ्यांची उघडी लांबी फारशी बदलत नाही, कारण तोवर गवताने जमीन धरलेली असते. जूनमध्ये उन्हाळ्याने वाळलेल्या उघड्या उतारावर पहिली सर येते आणि तिथेच ओघळ पडतात. मे महिन्यात जमिनीवर काय आहे, ते डंपाचं खरं प्रगतिपुस्तक.

आणि इथेच आकेशियाचा प्रश्न येतो. उंच झाडाच्या पानांवर पाणी साठून मोठे थेंब होतात आणि वरून जोराने पडतात. खाली पाचोळा असेल तर तो मार सोसतो. पण पाचोळा जळणासाठी गोळा केलेला किंवा वणव्यात गेलेला असेल, तर सावलीतली उघडी माती चांगलीच उसळते. असा एक पट्टा आमच्याकडे आहे. लांबून गर्द हिरवा, पण आत शिरलं की सळ्या बोटाच्या पेरापेक्षा जास्त उघड्या.

त्याच डंपाच्या पलीकडच्या अंगाला झाडी विरळ दिसते. तिथे धायटी, उक्षी, कुडा, करवंद आपणहून आलेत. एक मीटरची चौकट टाकून मोजते तेव्हा खाली गवत, मधे झुडपं, आणि बुलबुलांनी आणलेली जांभळाची रोपंही सापडतात. रानमोडी हे माजणारं तणही आहे, ते मला नको आहे. पण जमीन उघडी राहण्यापेक्षा ते परवडलं. या बाजूच्या सळ्यांची लांबी सगळ्यात कमी बदलते.

खाणकाम संपल्यावर जमीन पुन्हा गवत, चारा, झाडं आणि प्राणी यांच्याजोगी करून द्यावी, अशी अट घालायला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलं. गवताचा उल्लेख त्यात आहे, याचं मला फार समाधान आहे. कारण अहवालांत 'इतकी रोपं लावली, इतकी जगली' एवढंच भरतात. जगलेल्या झाडाखाली काय आहे, हा रकानाच नसतो. तो असायलाच हवा, आणि शेजारी सळ्यांची नोंदही.

खालच्या शेतातले एक काका पाटाच्या पाण्याचा रंग रोज बघतात. कुठल्या सरीला पाणी तांबडं झालं आणि किती वेळात निवळलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. मी ते माझ्या पर्जन्यमापकाशी ताडून बघते, आणि जुळतं. आता त्यांच्या नोंदी मी वेगळ्या वहीत लिहून ठेवते, त्यांच्या नावाने.

यंदा मे संपायच्या आत त्या आकेशियाच्या पट्ट्यात ओघळांवर काथ्याच्या जाळ्या अंथरायच्या, आडव्या ओळींत वाळा लावायचा आणि मधली काही झाडं विरळ करून उजेड आत सोडायचा, असं ठरलं आहे. पाचोळा उचलू नये म्हणून वाड्यावरच्या बायकांशी बोलणं झालं. तोडलेल्या झाडांचं जळण त्यांनाच मिळेल. सळ्या आहेत तिथेच राहतील.